ग्रामगीतेची ओवी आणि भाषेची स्मृति

तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ (१९५५) काव्य की पद्यबद्ध उपदेश, एवढ्याच प्रश्नावर आपली टीका पुष्कळदा थबकते. तिची ओवी स्मरणात कशी राहते, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. चिमूरच्या परिसरात तो टाळता येत नाही. १९४२ च्या तेथील उठावास महाराजांच्या भजनांनी चेतविले, ते मुखोद्गत पदांनीच.

ऐकलेल्या गद्याचा अर्थ उरतो, शब्दरचना अल्पावधीत विरते, हे जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये प्रयोगाने दाखविले. भाषा शिकणाऱ्यास मात्र रचनाच हवी असते. घरी झाडीबोली वा गोंडी बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठीचे प्रत्यय केवळ अर्थ कळल्याने येत नाहीत. ते कानात टिकावे लागतात. ओवी हे साधते. पहिल्या तीन चरणांचे यमक पुढील शब्दाची निवड आवळून धरते. शिवाय, सुमारे दोन सेकंदांत उच्चारता येईल तेवढेच धारण करणारी जी ध्वनिस्मृति ॲलन बॅडली यांनी वर्णिली, तीत एक चरण बहुधा मावतो. (झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ झाला तरी यमक मोडत नाही, ही सोयही उपेक्षणीय नव्हे.)

चौथा चरण आखूड आणि यमकहीन. तेथे पाठकास अर्थाचाच आधार. तो अडखळावयाचा तर तेथेच, असे आम्हांस वाटते. ज्ञानेश्वरीच्या जुन्या शब्दांपाशी आजच्या पाठकाचा हा आधार निसटतो व ओवी नुसत्या घोकण्यावर तगते. ग्रामगीतेच्या ज्या पदयोजनेस सपाट म्हटले जाते, ती येथे पुढचा शब्द अर्थानेच सुचविते. हा गुण काव्याचा नसेल. ओवीचा निश्चित आहे.