पुस्तक सुचवणारा माणूस

महाराष्ट्रातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने उभं राहिलेलं हे जाळं देशात फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आलं आहे. तरीही आपल्या वाचनालयात नवीन काय चांगलं आलंय, असं विचारलं तर किती सभासदांना सांगता येईल? साहित्यप्रसाराच्या नावाने आपल्याकडे जे चालतं, त्यात पुस्तकाची वाहतूक भरपूर होते. वाचकाशी पुस्तकाची ओळख करून देण्याचं काम मात्र मागे पडलं आहे.

हे काम कसं करायचं, याचा धडा एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी घालून दिला होता. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळेतून बाहेर पडलेली मुलं वाचणार काय, हा प्रश्न त्यांना पडला आणि 1910 मध्ये त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बोर्डेन बडोद्यात तीनच वर्षं होते. पण मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, तिथे बायकांचा आणि मुलांचा वेगळा विभाग झाला, आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. 1912 मध्ये ग्रंथालय चळवळीचं एक नियतकालिक निघालं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्यासाठी चित्रं आणि चलच्चित्रं दाखवण्याची सोय होती. या सगळ्याच्या मुळाशी 1911 मध्ये सुरू केलेला ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग होता, आणि मला तीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पेटीआधी पेटी उघडणारा माणूस तयार करावा लागतो, हे त्या संस्थानाला कळलं होतं.

आपल्या 1967 च्या कायद्याने ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली आणि अनुदान तिच्याशी जोडलं. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं मोजता येतात, म्हणून ती मोजली जातात. एखाद्या मुलीला तिच्या वयाचं, तिच्या मनाजोगं पुस्तक कुणी शोधून दिलं, याची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार? सर्वांत खालच्या ड वर्गातल्या ग्रंथपालाचं घर मिळणाऱ्या मानधनावर चालत नाही. तो दिवसा दुसरं काम करतो आणि संध्याकाळी दोन-तीन तास कुलूप उघडतो. अशा माणसाने नवी पुस्तकं वाचून ठेवावीत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं ते बरंच झालं, पण मुळात रक्कमच तुटपुंजी होती.

जिथे माणूस उभा राहिला, तिथे चित्र बदललं. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ या प्रकाशन संस्थेने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतलं आणि ते नाव सार्थ केलं. ग्रंथयात्रा गावोगाव गेल्या, लेखक वाचकांसमोर उभे राहिले. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये याच चळवळीतून आलं. ज्या घरांनी तोवर असं काही वाचलं नव्हतं, त्या घरांपर्यंत ही पुस्तकं पोचली, ती त्यांच्याबद्दल बोलणारी माणसं सोबत होती म्हणून. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही त्याच जातकुळीचा. विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. दुबईतल्या मराठी घरांपर्यंत ती गेली. गटातला कुणीतरी पेटीची जबाबदारी घेतो, शेजाऱ्याला एखादं पुस्तक आवर्जून देतो, आणि तिथेच प्रसार घडतो.

भिलारबद्दल माझं मन द्विधा आहे. मे 2017 मध्ये पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात राज्य मराठी विकास संस्थेने घराघरांत पुस्तकं मांडली, प्रत्येक घराला साहित्याचा एक प्रकार दिला. कल्पना सुंदर आहे आणि गावकऱ्यांनी ती मनापासून स्वीकारली. पण तिथला बहुतेक वाचक पर्यटक असतो. दुपारी अर्धं वाचलेलं पुस्तक त्याला तिथेच ठेवून घाटाखाली उतरावं लागतं. पुढचं वाचन त्याच्या गावच्या वाचनालयात व्हायला हवं, आणि भिलारला त्या वाचनालयाशी जोडणारा धागा कुणी विणलेला नाही.

वाचन प्रेरणा दिन, भाषा गौरव दिन, ग्रंथोत्सव यांवर फार लिहायला नको. दिंडी निघते, उद्घाटन लांबतं, पुस्तकांवर बोलायला वेळ उरत नाही.

या सोहळ्यांवरच्या खर्चाचा थोडा हिस्सा तालुक्याच्या एका ग्रंथपालाकडे वळवता येईल. त्याला पूर्ण पगार द्यावा. महिन्यातले काही दिवस फक्त वाचण्यासाठी द्यावेत. उरलेल्या दिवसांत त्याने आसपासच्या ड वर्गाच्या वाचनालयांत आणि शाळांत जाऊन तिथल्या माणसांना वाचलेल्या पुस्तकांबद्दल सांगावं. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. 1967 च्या कायद्याने तालुक्याची ग्रंथालयं आधीच दिली आहेत.