‘सरि’, ‘बरं’ आणि ‘ओके’

संवाद हा नाटकाचा प्राण होय, असे आपले समीक्षक नेहमी सांगत आले आहेत. परंतु ज्या संवादावर खरोखरीचे प्राण अवलंबून असतात, त्याची समीक्षा करावी असे कोणास फारसे वाटलेले दिसत नाही. वैमानिक आणि जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रक यांचे बोलणे हा तसा संवाद होय. अपघातानंतर तो शब्दशः उतरवून घेतला जातो, आणि वाङ्मयाच्या वाचकाने लक्षपूर्वक वाचावा अशा योग्यतेचा तो असतो.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली व ५८३ माणसे मेली. दाट धुके होते. डच विमानाच्या सहवैमानिकाने आपण उड्डाणावर आहोत अशा अर्थाचे वाक्य उच्चारले. विमान धावू लागले आहे, हा त्याचा अभिप्राय. नियंत्रकास वाटले की विमान उड्डाणासाठी सज्ज उभे आहे. तो ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभर थांबून, थांबा, मी सांगेन, असे त्याने जोडले. नेमक्या त्याच वेळी दुसरे विमान बोलले. दोन ध्वनी एकमेकांत मिसळून कर्कश आवाज झाला आणि डच वैमानिकांच्या कानी स्वच्छ पोचला तो केवळ ‘ओके’.

या एका शब्दाचा दोष मला व्याकरणाच्या दोषाहून मोठा वाटतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी माणसास तो तत्काळ कळेल. तिरुवैयारू किंवा पापनाशमकडील गावात शेतकऱ्यास काही सांगावे, तर तो ‘सरि’ म्हणतो. त्याचा अर्थ ऐकले, की मान्य आहे, की आता पुरे, हे त्याच्या मुद्रेवरून ओळखावयाचे. आपले ‘बरं’ तरी कुठे निराळे आहे? आणि कचेरीतील टिपणावरचे ‘पाहिले’ तर या सर्वांचे थोरले बंधू! आकाशवाणीच्या तारेवर मात्र मुद्रा दिसत नाही.

सर्वांनी एकच भाषा नीट शिकावी, म्हणजे प्रश्न सुटेल, असे मत ऐकू येते. ते मला अपुरे वाटते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मेले. तेथे इंग्रजीचे दुबळेपण कारणीभूत होतेच, हे नाकारता येत नाही. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान चालविणारे दुसरे होते, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. तंजावरच्या शहाजी राजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी एकत्र नांदतात. परंतु तेथे पात्रे एकमेकांस दिसतात आणि प्रेक्षकांस सर्व पात्रे दिसतात.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलेल्या कोलंबियाच्या विमानाची गोष्ट तर आपल्या कारकुनी पेशास फार जवळची आहे. चालकांनी ‘अग्रक्रम’ मागितला, इंधन संपत आहे असेही सांगितले. पण आणीबाणीचा विहित शब्द उच्चारला नाही. ७३ जीव गेले. आग लागली असताना ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’ लिहिणाऱ्यांची आपल्यात वाण नाही.

आता आपल्या शेजारचेच उदाहरण. डेल्टातील गावांची माणसे आखाती देशांत जावयाची, ती बहुधा तिरुचिरापल्लीहून. १२ ऑक्टोबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर दुबईस निघालेले विमान तेथील कुंपणाच्या भिंतीस व अवतरणयंत्रणेच्या अँटेनास घासून वर गेले. धक्का लागला असावा, असे नियंत्रकाने कळविले. सर्व यंत्रणा व्यवस्थित चालत आहेत, असे वैमानिकाने उत्तर दिले. दोघांच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते. नियंत्रक विमानाच्या अंगाविषयी बोलत होता. वैमानिक काट्यांविषयी उत्तर देत होता. आकाशातून त्यास स्वतःच्या विमानाचे पोट दिसणे शक्य नव्हते, आणि जमिनीवरच्यास काटे दिसत नव्हते. १३६ माणसे घेऊन ते विमान पुढे गेले, आणि चारेक तासांनी मुंबईस उतरविल्यावरच त्याचे फाटलेले पोट लोकांनी पाहिले.

तेनेरीफनंतर ‘ओके’वर विसंबणे सुटले, सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखविण्याचा नियम कडक झाला आणि ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष अनुज्ञेसाठी राखून ठेवण्यात आला. परंतु तिरुचिरापल्लीच्या संवादात परत म्हणून दाखविण्यासारखी सूचनाच नव्हती. होती ती केवळ एक शंका.