टाचणी उरली, चुंबक गळाला

मराठीत नॅनोतंत्रज्ञानावरचे जे लेख मी वाचत आलो, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एकाच प्रसंगाने होते. २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत रिचर्ड फाइनमन यांनी भाषण दिले आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे २४ खंड टाचणीच्या माथ्यावर मावतील असा हिशेब मांडला. तिथून लेख थेट भविष्यातल्या चमत्कारांकडे धावतो. त्याच भाषणातला चुंबकाचा उल्लेख मात्र या लेखांत मला आढळत नाही. लहान आकारात चुंबकाचे गुण तेच राहत नाहीत, असे फाइनमन यांनी तिथे बजावले होते. मोठ्या चुंबकात लाखो चुंबकीय प्रांत असतात, अगदी लहानात एकच उरतो. म्हणून विजेची उपकरणे नुसती आखडून चालत नाही, त्यांची रचनाच नव्याने करावी लागते. आपण टाचणी ठेवली, इशारा गाळला.

यात काय हरवले ते पातळ चुंबकीय थरांच्या इतिहासात दिसते. फाइनमन यांच्या भाषणाच्या १३ वर्षे आधी, १९४६ मध्ये, ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ्स यांनी लोह, कोबाल्ट आणि निकेल यांच्या पातळ थरांवर सूक्ष्मतरंग सोडून पाहिले. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात धातूतले सूक्ष्म चुंबक कलत्या भोवऱ्यासारखे डोलतात. त्या डोलण्याची कंप्रता अपेक्षेच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरली. कारण चार्ल्स किटेल यांनी दाखवून दिले: थराचा आकार. डोलताना चुंबकत्व थराबाहेर झुकू लागले, की दोन्ही पृष्ठांवर ध्रुव उमटतात आणि ते त्याला परत आत ओढतात. त्यामुळे डोलणे वेगवान होते. लोह-निकेलच्या पर्मलॉय या मिश्रधातूचे उदाहरण घेऊ. ०.१ टेस्ला क्षेत्रात त्याच्या गोळ्याची कंप्रता सुमारे २.८ गिगाहर्ट्झ येते. त्याच क्षेत्रात, त्याच धातूच्या पातळ थराची ९ गिगाहर्ट्झच्या वर जाते.

याचे मोल १९४८ मध्ये स्नूक यांनी फेराइटसाठी मांडलेल्या मर्यादेशेजारी ठेवून पाहावे. पदार्थ चुंबकीय क्षेत्राला जितका जोरदार प्रतिसाद देतो, तितक्या कमी कंप्रतेला तो थकतो; दोहोंचा गुणाकार त्या पदार्थापुरता ठरलेला असतो. पातळ थर ही मर्यादा ओलांडतो, पण ती पातळपणामुळे. असा थर सेंटिमीटरभर रुंद असून शंभर नॅनोमीटर जाड असू शकतो. त्याला सरसकट ‘अतिसूक्ष्म’ म्हणणारे लेखन लहान आणि पातळ यांतला फरक पुसून टाकते, आणि इथे सगळे भौतिकशास्त्र त्या फरकात आहे.

लहानपणाचे स्वतःचे कामही आहे, तेही नेमके सांगता येते. थराच्या आतले धातूचे कण बारीक करत गेले, तर आधी चुंबकत्व उलटवणे अवघड होते. कण काही दशक नॅनोमीटरच्या खाली गेले, की शेजारचे कण एकमेकांना बांधून घेतात आणि गणित उलटते. हर्झर यांच्या मांडणीनुसार मग कणाचा व्यास निम्मा केला, तर उलटवायला लागणारे क्षेत्र ६४ पटींनी घटते. म्हणजे ‘जितके लहान तितके चांगले’ हे विधान एका टप्प्यापर्यंत चक्क खोटे आहे.

शिवाय किंमत मोजावी लागतेच. धातूचा थर जाड केला, तर सूक्ष्मतरंग आत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठवतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. पातळ ठेवला, तर काम करणारे चुंबकीय द्रव्यच तुटपुंजे उरते. म्हणून थर आणि विद्युतरोधक अशी उतरंड रचावी लागते, आणि प्रत्येक नव्या थराबरोबर तो नीट बसवण्याची अडचण वाढते.

विज्ञानलेखनाने विस्मय जागवू नये, असे माझे म्हणणे नाही. पण केवळ विस्मयावर वाढलेल्या वाचकाला, बाटलीवर किंवा प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘नॅनो’ दिसले की विचारायला प्रश्न सुचत नाही. प्रश्न साधे आहेत: आकार बदलल्याने नेमके काय बदलले, कोणत्या टप्प्यापर्यंत, आणि बदल्यात काय गेले? ग्रिफिथ्स, किटेल आणि स्नूक यांनी हेच विचारले, आणि तेव्हा नॅनोतंत्रज्ञान हा शब्दही जन्माला यायचा होता. आपल्या पुढच्या लेखांची सुरुवात टाचणीपासून झाली तरी हरकत नाही. त्याच भाषणातल्या चुंबकापर्यंत मात्र त्यांनी पोहोचावे.