दंडाधिकाऱ्याची लेखणी, गुन्हेगाराची वाणी

'रॉल्फ बोल्ड्रवुड' या टोपणनावाने लिहिणाऱ्या टॉमस अलेक्झांडर ब्राउनचे (१८२६–१९१५) चरित्र आणि 'रॉबरी अंडर आर्म्स' ही कादंबरी यांचा संबंध सहसा सामग्रीच्या पातळीवर जोडला जातो. दुष्काळाने बुडालेला हा मेंढ्यांच्या कुरणांचा मालक १८७१ मध्ये न्यू साउथ वेल्समधील गल्गाँग या सोन्याच्या खाणींच्या गावी पोलीस मॅजिस्ट्रेट झाला. तेथे पाहिले-ऐकले ते कादंबरीत उतरले. हे खोटे नव्हे, पण त्याने कळीचा प्रश्न सुटत नाही : न्यायासनावरील माणसाने कथनाचा अधिकार आरोपीला का दिला?

मॅजिस्ट्रेटचे काम जबान्या नोंदवून गंभीर गुन्ह्यातील आरोपीस वरच्या न्यायालयाकडे धाडण्याचे. तेथे आरोपीची बोली दप्तराच्या भाषेत विरघळते. १८८२-८३ मध्ये 'सिडनी मेल'मध्ये क्रमशः आलेल्या या कादंबरीत नेमके उलट घडते. फाशीची शिक्षा झालेला डिक मार्स्टन, एका हद्दपार कैद्याचा मुलगा, तुरुंगातून आपल्याच अशुद्ध, रांगड्या बोलीत सारे सांगतो. मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'मध्ये (१८३९) अमीर अलीसमोर ऐकणारा साहेब बसलेला असतो. बोल्ड्रवुड तो साहेबच काढून टाकतो. त्याचा परिणाम दूरगामी आहे. डिक वारंवार पश्चात्ताप करतो खरा, पण ती वाक्ये पाठ केल्यासारखी येतात. चोरलेली हजारभर गुरे ॲडलेडकडे हाकण्याचा प्रसंग आला की त्याच भाषेला वेग चढतो. चौकट न्यायाधीशाची राहते, लय मात्र आरोपीची. शेवटी फाशी टळते, कारावास संपतो आणि डिक क्वीन्सलंडमधील गुरांच्या कुरणाचा कारभारी होतो. ज्या वर्गातून ब्राउन स्वतः घसरला, त्याच्याच उंबरठ्यावर तो आपल्या दरोडेखोराला आणून सोडतो! ही तडजोड कलादृष्ट्या कमकुवत आहे. मात्र चरित्राच्या दृष्टीने ती बोलकी आहे.

या उदारतेची सीमा वॉरिगल या मिश्रवंशीय आदिवासी पात्रापाशी दिसते. ब्राउनचे पहिले कुरण पश्चिम व्हिक्टोरियात गुंडिचमारा लोकांच्या भूमीवर होते, आणि १८४० च्या दशकातील तेथील संघर्ष त्याने 'ओल्ड मेलबर्न मेमरीज'मध्ये (१८८४) वसाहतवाल्यांच्या बाजूने सांगितला. कादंबरीत वॉरिगलला संवाद आहेत, कथन नाही. तो डिकच्या तुच्छतेतूनच वाचकापर्यंत पोचतो आणि विश्वासघाताचा ठपकाही त्याच्याच माथी येतो. त्याची जबानी मात्र कोणीच घेत नाही.