सामाईक यादी कोणाची?

पायथनमधल्या वारशाबद्दल आमची एक तक्रार आहे. मूळ वर्गावर आपण एक यादी ठेवली. उपवर्गाने ती वाचली तर मूळ वर्गाचीच यादी मिळते, ठीक. उपवर्गावर त्याच नावाला नवी यादी दिली, तर ती त्याच्यापुरती. पण ‘अपेंड’ केलं की सगळ्या भावंडांची यादी बदलते! ‘अधिक-बरोबर’ लिहिलं तर दोन्ही: मूळ यादी वाढते, शिवाय उपवर्गावरही तीच यादी नोंदली जाते. वैशेषिकांचं गोत्व नित्य. एका गाईमुळे ते बदलत नाही. इथे वर्ग हीसुद्धा वस्तूच, तेव्हा बदलणार, हे आम्हांला मान्य. पण बदल सामाईकात झाला की स्वतःपुरता, हे नुसती ती ओळ वाचून कळत नाही. यादीऐवजी टपल असेल तर तीच ओळ मूळ वर्गाला हातही लावत नाही.