रक्त, रियाज आणि लिआन ला हवास

आज आपण ज्या गायिकेबद्दल बोलणार आहोत, तिचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, बऱ्याच जणांनी नसेल. लिआन ला हवास. जन्म १९८९, लंडन. वडील ग्रीक, आई जमैकन. गाणं सोल आणि फोक यांच्या मधलं.

एवढी ओळख झाली की आपण लगेच एक हिशेब मांडून मोकळे होतो: जमैकन आईकडून सोल आला, युरोपीय वडिलांकडून गिटार आली, दोन्हींची बेरीज म्हणजे ही गायिका. मिश्र वारशाचा कुठलाही नवा कलाकार आला की समीक्षक हेच करतात. आपलं आजचं म्हणणं असं, की हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यामुळे गाणं नीट ऐकूच येत नाही.

आधी शब्दांचं बघू. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून १९५०-६०च्या दशकांत घडलेलं संगीत. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन ही त्यातली मोठी नावं. फोक म्हणजे इथे लोकगीतांच्या वळणाचं, एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावर उभं राहणारं गाणं. या दोन वाटा कधी भेटल्याच नव्हत्या असं मात्र नाही. शिकागोच्या टेरी कॅलियरचा पहिला अल्बम १९६८ साली आला, आणि त्याच्या नावातच ‘फोक’ हा शब्द होता. १९७१ साली बिल विदर्स अकूस्टिक गिटार घेऊन आला. हे दोघेही कृष्णवर्णीय. म्हणजे गिटार ‘गोऱ्यांकडून’ आणि भावना ‘काळ्यांकडून’ ही वाटणी तेव्हाही खोटीच होती.

आता लिआनकडे येऊ. आई-वडील ती लहान असतानाच वेगळे झाले. ती वाढली मुख्यतः आजी-आजोबांकडे, दक्षिण लंडनमध्ये. वडील अनेक वाद्यं वाजवणारे, सुरुवातीचे धडे त्यांनी दिले. पण गिटार तिनं खऱ्या अर्थानं हातात घेतली ती अठराव्या वर्षी. म्हणजे हे वाजवणं रक्तातून आलेलं नाही, मोठेपणी कमावलेलं आहे. ती बहुतेक वेळा बोटांनीच वाजवते. अंगठा खालचा सूर धरून ठेवतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर जॅझच्या वळणाचे कॉर्ड मोकळे करतात. आवाज त्या दोन्हींच्या मधून वाट काढतो. जोर लावायची वेळ येते तिथे ती बऱ्याचदा आवाज कमी करते. हा ठेहराव ऐकण्यासारखा आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये ती बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात गायली. त्याच भागात बॉन इव्हेर हा अमेरिकन फोक बँड होता. त्यांनी तिला आपल्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात आधी गाण्यासाठी बोलावलं. बघा, लोक जिला ‘सोल’च्या खणात ठेवत होते, तिला फोकवाल्यांनी आपल्यातली म्हणून ओळखलं. त्यांनी कान वापरले!

२०१२ साली पहिला अल्बम आला, ‘इज युअर लव्ह बिग इनफ?’. मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत तो होता. त्यात विली मेसन या अमेरिकन फोक गायकाबरोबर एक द्वंद्वगीत आहे. जमैका किंवा ग्रीस मात्र त्यात शोधूनही फारसे सापडत नाहीत. ते येतात २०१५च्या ‘ब्लड’मध्ये, आईबरोबर जमैकाला जाऊन आल्यावर. त्यातलं ‘ग्रीन अँड गोल्ड’ हे गाणं आरशासमोर उभ्या असलेल्या लहान मुलीपासून सुरू होतं. आपला चेहरा कुठून आला, हा तिचा प्रश्न. म्हणजे वारसा तिला आयता मिळालेला नाही. प्रवास करून, विचारून तो तिला मिळवावा लागला. तिचं नावही तसंच. वडिलांचं आडनाव व्लाहावास. त्याचं ‘ला हवास’ तिनं केलं.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. रक्ताचं नातं नाही, धर्म वेगळा, तरी गायकी त्यांच्या गळ्यात उतरली आणि पुढे किशोरीताईंनी तिला नवं वळण दिलं. ‘घराणं कुठलं?’ असं आपण विचारतो तेव्हा खरं तर ‘तालीम कुठली?’ हेच विचारत असतो. लिआनलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

दोषही सांगायला हवेत. ‘ब्लड’मध्ये वाद्यमेळ काही ठिकाणी इतका दाट होतो की तिची गिटार त्यात बुडते. विषय सर्वांत वैयक्तिक, आणि नेमका तिथेच हाताचा ठसा पुसट. पहिल्या अल्बममध्येही काही गाणी गरजेपेक्षा गुळगुळीत झाली आहेत.

२०२० साली तिनं स्वतःच्याच नावाचा अल्बम काढला, आणि त्यात हे सगळं जुळून आलं. रेडिओहेडचं २००७चं ‘वियर्ड फिशेस’ ती इथे गाते. मूळ गाणं धावतं. ती त्याची लय खाली आणते, तालाला झोल देते, आणि इंग्लिश रॉक बँडचं गाणं सोल होऊन जातं. हे कुठल्या रक्तानं केलं? जमैकन की ग्रीक? प्रश्नच निरर्थक वाटतो ना? हे केलंय कानानं आणि रियाजानं.

तेव्हा घरी गेल्यावर आधी २०२०चा अल्बम ऐका, मग २०१२चा, आणि शेवटी ‘ब्लड’. पहिल्यांदा ऐकताना आवाज बाजूला ठेवून फक्त गिटारीचा अंगठा ऐका. आता प्रश्न घेऊ.