साक्षीदाराची सही

सही आणि तारीख असलेला कागद बँकेतल्या माणसाला आवडतो. मग तो कागद नसून लाकडाची फळी का असेना! यान व्हॅन आइकचे ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतले चित्र अशा ओकच्या फळीवरच आहे. ब्रूजमधल्या सुखवस्तू व्यापाऱ्याची खोली. नवरा, बायको, पलंग, कुत्रा, काढून ठेवलेल्या खडावा. आणि मागे गोल आरशाच्या वर झोकदार सही : ‘यान व्हॅन आइक येथे होता, १४३४’.

१९३४ साली एर्विन पानोफ्स्की या पंडिताने ठरवले, की हा लग्नाचा दाखलाच, आणि चित्रकार साक्षीदार. झाले! घरातल्या वस्तू भराभर कामाला लागल्या. कुत्रा म्हणजे निष्ठा. झुंबरात भर दिवसा जळणारी एकुलती मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी परमेश्वर. खडावा काढल्या, कारण भूमी पवित्र. अहो, चिखलाच्या खडावा घरात काढायला धर्मशास्त्र कशाला, घरात बायको असली की पुरे!

पुढे १९९७ साली नोंद उजेडात आली, की ज्या जोडप्याचे हे लग्न म्हणत, त्यांचे लग्न झाले १४४७ साली. चित्रकार तर १४४१ सालीच वारला होता. पुढच्या तारखेचे चेक आम्ही रोज पाहतो. पुढच्या तारखेचे लग्न प्रथमच पाहिले.

मग नवरा म्हणून त्याच घराण्यातला दुसरा जोव्हान्नी पुढे आला. त्याची बायको कोस्तान्झा १४३३ पर्यंत वारलेली होती. २००३ साली मार्गारेट कोस्टरबाईंनी दाखवले : त्याच्या बाजूची मेणबत्ती जळते आहे, तिच्या बाजूची जळून संपली आहे. म्हणजे हे गेलेल्या बायकोचे चित्र. इथे हसू थांबते. हा अर्थ खरा असावा, असे फार वाटते. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय कुत्रा, खडावा आणि ते झुंबरसुद्धा मूळ आराखड्यात नव्हतेच, मागाहून रंगवले, असे तपासणीत दिसले आहे.

साक्षीदार सही करतो ती ‘माझ्यासमोर झाले’ एवढ्यापुरती; मजकुराची हमी तो घेत नाही. व्हॅन आइकने लग्न लिहिले नाही, मरण लिहिले नाही. ‘येथे होता’, बस्स. आरशात पाहा : दारात दोन माणसे उभी आहेत. यजमानाने उजवा हात उचलला आहे, डाव्या हातात बायकोचा हात आहे. कुणाच्या घरी जाऊन आल्याची इतकी निगुतीची नोंद दुसऱ्या कुठल्या खतावणीत मला आढळलेली नाही.